जुन्या ईएक्सटी३ डिस्कला डिरेक्टरी इंडेक्स लावायचा तर

लातूरच्या मोंढ्यातली आडत दुकानं घ्या नाहीतर फोटो स्टुडिओ घ्या, जुन्या लिनक्स सर्व्हरवर वर्षानुवर्षाच्या स्कॅन केलेल्या पट्ट्या नाहीतर फोटो एकाच फोल्डरमधी टाकत गेले की एक फाईल उघडायला पण लई वेळ लागतो, मग लोक थेट नवीन हार्डडिस्क आणायला निघतेत. थांबा जरा, आधी हे करून बघा.

असं होतं की जुन्या ईएक्सटी३ मधी (ही लिनक्सची डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत, म्हणजे फाईल सिस्टीम) डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, ही नावांची सरळ यादी, नाव शोधायचं तर वरपासून एकेक बघत जायचं, आणि नवीन फाईल सेव्ह करताना पण तेच, कारण त्या नावाची फाईल आधीच हाय का ते तपासावं लागतं. डिर_इंडेक्स ही सोय चालू असलं की नावाचा हॅश (नावावरून काढलेला एक आकडा) काढून झाडासारखा इंडेक्स बनतो आणि थेट जागेवर जाता येतं.

आधी ट्यून२एफएस (फाईल सिस्टीमची सेटिंग बघायची-बदलायची कमांड) ला -एल (स्मॉल) देऊन पार्टिशनची माहिती काढा, फीचर्सच्या ओळीत डिर_इंडेक्स दिसतंय का बघा. त्याच्या पुढच्या ईएक्सटी४ वर बहुतेक आधीच असतं. नसलं तर बॅकअप घ्या (हे टाळू नका, खरंच), पार्टिशन अनमाउंट करा (म्हणजे सिस्टीमपासून सोडवा) आणि ट्यून२एफएस -ओ डिर_इंडेक्स, पुढं पार्टिशनचं नाव, जसं /डेव्ह/एसडीबी१. इथला ओ कॅपिटल पाहिजे, स्मॉल ओ माउंटच्या डिफॉल्ट ऑप्शनसाठी असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बरेच जण इथंच थांबतेत आणि मग म्हणतेत काहीच फरक पडला नाही. पडणारच नाही! या कमांडनं फक्त इथून पुढं बनणाऱ्या डिरेक्टरींना इंडेक्स मिळतो, तुमचा तो जुना भरगच्च फोल्डर होता तसाच राहतो. त्याच्यासाठी ई२एफएससीके (फाईल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) -एफ -डी, पुढं तेच पार्टिशनचं नाव, असं चालवायचं, एफ स्मॉल, डी कॅपिटल, स्मॉल डी नुसती डीबगची माहिती छापतो. चालू असताना "पास ३ए" मधी डिरेक्टरी ऑप्टिमाइझ करतोय असं दिसतं, आणि शेवटी फाईल सिस्टीम बदलली असं येतं, ते बघून घाबरू नका, आपल्याला तेच पाहिजे होतं. माउंट असलेल्या पार्टिशनवर हे कधीच चालवू नका, डेटा जाईल, आणि रूट पार्टिशन (ज्यात लिनक्स स्वतः असतं) असलं तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्याच्यावरून लिनक्स थेट चालतं) बूट करा.

लाईटचं आपल्याकडं काय खरं नाही, म्हणून यूपीएस नाहीतर इन्व्हर्टर चार्ज असल्याशिवाय सुरूच करू नका, मोठ्या डिस्कला वेळ लागतो आणि मधीच लाईट गेली तर डिरेक्टरी अर्धवट लिहिलेली राहू शकते. रात्री दुकान बंद झाल्यावर लावलेलं बरं.

झाल्यावर माउंट करून त्या फोल्डरवर एलएसएटीटीआर (फोल्डरच्या खुणा दाखवणारी कमांड) -डी (इथं स्मॉल) मारा, कॅपिटल आय दिसला की इंडेक्स लागला, छोट्या एका ब्लॉकच्या फोल्डरला तो दिसत नाही, चालतंय. फक्त एक, पूर्ण फोल्डरची यादी काढणं याच्यानं फास्ट होत नाही, फायदा नाव देऊन फाईल शोधण्यात हाय. यादीच पाहिजे असली तर एलएस ला कॅपिटल यू द्या, तो सॉर्ट करत बसत नाही.