पेटीवाल्याने नीना सिमोन कशी ऐकावी

अमळनेरला आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला, सूर काढायला एकटा उजवा. म्हणून सांगतो, नीना सिमोन ही पियानो वाजवत गाणारी अमेरिकन कृष्णवर्णीय गायिका; तिला ऐकायला बसलात की आधी तिचा गळा विसरा, डावा हात पकडा.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. मी दोन महिने तेच केलं. खालचे सूर त्यातून येतच नाहीत. मला वाटायचं, बाई गाते आणि अधूनमधून टुणटुण करते, झालं. साधे वायरवाले इअरफोन चालतील. आणि मे महिन्यात खोलीतला पंखा बंद करवत नाही, तेव्हा रात्री गच्ची गाठा.

सुरुवात ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’पासून. मध्येच गाणं थांबतं आणि पियानो एकटा सुटतो. तेवढाच तुकडा चार-पाच वेळा ऐका. एकदा फक्त उजवा हात, मग फक्त डावा. तो नुसता भरणा करत नाही, स्वतःची चाल चालतो. आपल्याकडे बुवांचा चरण संपला की टाळकरी उचलतात. इथे पहिल्याचं म्हणणं संपायच्या आत दुसरा शिरतो, तरी गलका होत नाही. ही बाख या जुन्या जर्मन संगीतकाराची रीत.

ती तिच्या बोटांत आली लहानपणी. मूळ नाव युनिस वेमन, जन्म १९३३, नॉर्थ कॅरोलिनातलं ट्रायॉन गाव. आई चर्चमध्ये प्रवचन करायची, पोरगी तिथे पियानोवर. एका गोऱ्या शिक्षिकेने तिला बाख शिकवला. व्हायचं होतं मैफिलीत शास्त्रीय पियानो वाजवणारी, पण १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने प्रवेश नाकारला. रंगामुळेच नाकारला, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. १९५४ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये वाजवायला लागली, तर मालक म्हणाला, गायचंही. म्हणजे गाणं पोटासाठी आलं. नावही तेव्हाच बदललं, आईला कळू नये म्हणून. (आमच्याकडेही तमाशाला साथ करून आलेला पेटीवाला घरी कुठे सांगायचा!)

‘मिसिसिपी गॉडॅम’ मात्र शब्द समजून घेतल्याशिवाय लावू नका. चाल नाटकातल्या गाण्यासारखी उड्या मारणारी, आणि शब्द १९६३ च्या खुनांवरचे: कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा मेडगर एव्हर्स, बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात गेलेल्या चार कृष्णवर्णीय मुली. १९६४ चं कार्नेगी हॉलमधलं रेकॉर्डिंग घ्या. सुरुवातीला लोक हसतात. ते हसू कुठे विरतं, तिकडे कान ठेवा.

शेवटी ‘सिनरमॅन’. दहा मिनिटांच्या वर आहे, पुढे ढकलू नका. मध्ये सगळी वाद्यं मागे सरतात आणि टाळ्या उरतात. माझी आई तेवढ्यात जिन्यावरून वर आली, एक इअरफोन कानाला लावून म्हणाली, “हाई कोन गाई राहिनी?” आणि कानबाईच्या जागरणाला बसावं तशी मांडी घालून बसली.

एवढं झालं की पेटी काढा. भाता पूर्ण भरून घ्या, डावा हात झटकन पट्ट्यांवर आणा आणि दोन्ही हातांनी दोन वेगळ्या चाली धरून बघा. चार-पाच सुरांतच हवा संपते.