कोळंबी बाधते, मग कुर्ल्यांचं काय? ॲलर्जीची भाऊबंदकी ओळखायची कशी

कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, एवढं लक्षात आलं की कोकणातल्या घरात पुढचा प्रश्न लगेच येतो: मग कुर्ल्या? तिसऱ्या? बांगडा तरी चालेल का? उत्तर बहुतेक वेळा टोकाचं मिळतं. एक तर "मासळीच बंद कर", नाहीतर "थोडं थोडं खा, सवय होईल." पहिल्याने ताट उगाच सुनं होतं, दुसरं जीवावर बेतू शकतं.

आपलं शरीर पदार्थाचं नाव ओळखत नाही, त्यातल्या प्रथिनाचा आकार ओळखतं. दोन जिवांत सारखं प्रथिन असेल तर एकावरची ॲलर्जी दुसऱ्यावरही उठते. याला क्रॉस-रिॲक्टिव्हिटी म्हणतात. पण भाऊबंदांसारखंच आहे हे: आडनाव एक असलं म्हणून प्रत्येकाशी दावा चालू असतोच असं नाही.

१. आधी नीट लिहून काढा

काय खाल्लं, किती, कच्चं की शिजवलेलं, आणि किती वेळाने त्रास झाला. खरी अन्नाची ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते.

बांगडा किंवा कुपा खाल्ल्यावर चेहरा लाल झाला, डोकं ठणकलं, अंग खाजलं, तर तो मासा किती वेळ बर्फाशिवाय होता हेही लिहा. असे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं, ॲलर्जीसारखाच त्रास देणारं रसायन साचतं आणि ते शिजवून जात नाही. त्याच कालवणाने घरातल्या दोघा-तिघांना त्रास झाला असेल तर ती बहुधा ॲलर्जी नसून शिळ्या माशाची विषबाधा असते. अशा एका दिवसावरून आयुष्यभर बांगडा सोडलेले लोक कमी नाहीत.

२. नाती लावा

कोळंबी, कुर्ल्या, शेवंड, जवळा हे एका घरचे. त्यांच्यातलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन इतकं सारखं असतं की एक बाधलं तर बाकीचेही बाधण्याची शक्यता मोठी. ते उष्णतेनेही मोडत नाही. तेव्हा "चांगलं उकळलंय" याला अर्थ नाही, आणि काहींना तर उकळत्या कोळंबीच्या वाफेनेही धाप लागते. तिसऱ्या, कालवं, माकूल हे जरा लांबचे. काहींना चालतात, काहींना नाही. तपासल्याशिवाय ठरवू नका.

मासे मात्र वेगळं घराणं. त्यांची ॲलर्जी बहुतेक वेळा पार्व्हअल्ब्युमिन या प्रथिनाची असते. कोळंबी बाधणाऱ्याला पापलेट चालू शकतं, आणि उलटही. सुरमई बाधली तर मात्र इतर मासेही संशयात घ्यायचे. मोरी (शार्क) आणि वागळी (रे मासा) यांच्यातलं हे प्रथिन थोडं निराळं असतं, तरी घरी प्रयोग नको.

आता गंमत अशी की कोळंबीचं ट्रोपोमायोसिन घरातल्या धुळीतल्या माइटमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांत, आणि झुरळांतही असतं. आपल्याकडे पावसाळ्यात गाद्या-उश्या ओल धरतात आणि माइट फोफावतात. ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांची रक्ततपासणी कोळंबीलाही पॉझिटिव्ह येऊ शकते. तुम्ही कोळंबी मजेत खात असाल तर नुसत्या कागदावरून ती सोडू नका, डॉक्टरांशी बोला.

काजू बाधत असेल तर पिस्ताही टाळा. दोघांची प्रथिनं फार जवळची आहेत. कुल्फी, मसाला दूध, मिठाई इथे लक्ष ठेवा. रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी खाज येत असेल तर केळं, पपई, किवी, ॲव्होकाडो खाताना तोंड चुणचुणतं का ते पाहा. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत. तिथे काम करणाऱ्यांनी हे विशेष बघावं. गाईचं दूध बाधणाऱ्या बाळाला शेळीचं देणं हा मात्र उपाय नव्हे, बहुतेकांना तेही बाधतं.

३. चिकाचं खातं वेगळं ठेवा

आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. ओले काजूगर सोलताना हात भाजणं, आंब्याच्या देठाकडच्या चिकाने ओठांभोवती फोड येणं ही वेगळी तऱ्हा. काजूच्या टरफलातलं तेल थेट भाजतं. चिकाची ॲलर्जी असेल तर पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठतं. अशा माणसाला साल काढून, दुसऱ्याने कापून दिलेला हापूस पुष्कळदा सोसतो. भाजलेला काजूगर बाधणं हा याहून निराळा आजार.

४. तपासणी करा, पण अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या

त्वचेवर सुईने टोचून केलेली प्रिक टेस्ट किंवा रक्तातलं विशिष्ट आयजीई (ॲलर्जीत बनणारं प्रतिपिंड) हे संवेदनशीलता, म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढंच, दाखवतात; ॲलर्जी सिद्ध करत नाहीत. प्रिक टेस्टआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती ते विचारा. शंका उरली तर रुग्णालयात देखरेखीखाली थोडं थोडं खाऊ घालून पाहतात. पन्नास पदार्थांचं पॅनेल करून घेऊ नका. लिहून काढलेल्या संशयितांचीच तपासणी पुरे.

५. खानावळीत विचारा

"कोळंबी आहे का" एवढं पुरत नाही. तवा तोच का, तेल तेच का, ग्रेव्हीत काजू वाटलाय का, चटणीत सुकट आहे का? पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा जवळा आणि सोडे भाजीतही डोकावतात.

६. तयारी ठेवा

आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली, तर १०८ लावा. माणसाला चालवू नका; आडवं करून पाय वर ठेवा, धाप असेल तर बसवा. मुख्य औषध मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनालिन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. बरं वाटलं तरी काही तासांनी त्रास परत उठू शकतो, म्हणून दवाखान्यात थांबावं लागतं. वाडीपासून रुग्णालय लांब असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन असतं का, ते आजच विचारून ठेवा.

सीटी स्कॅनच्या वेळी "कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची" असं कोणी म्हणालं तर गोंधळू नका. कोळंबीतलं प्रथिन बाधतं, आयोडीन नव्हे. ॲलर्जी आहे हे तंत्रज्ञाला सांगा, तेवढ्यावरून तपासणी मात्र रद्द करू नका.