पाण्यातील तांबे कार्यक्षम कसे होते : प्रकल्प करणाऱ्यांसाठी एक अनुभव

सांगलीत एम.एस्सी. करताना मी प्रकल्पासाठी पाण्यातील 'एटीआरपी' हा विषय घेतला. बहुलकीकरण म्हणजे मोनोमर हे लहान रेणू जोडून पॉलिमरची लांब साखळी बनवणे; रॅडिकल म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, चटकन क्रिया करणारा कण. अणूच्या हस्तांतरणावर चालणारी ही रॅडिकल बहुलकीकरणाची पद्धत १९९५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. क्योटोच्या सावामोतो यांनी रुथेनियम वापरले होते, तर पिट्सबर्गच्या मातियाशेव्स्की यांनी तांबे. एक-संयुजी तांब्याचे संयुग आरंभक रेणूतील ब्रोमीन ओढून घेते, स्वतः द्वि-संयुजी होते आणि मागे उरलेल्या रॅडिकलला मोनोमर जोडले जाऊ लागतात; थोड्याच वेळात तोच ब्रोमीन साखळीच्या टोकाला परत मिळतो आणि वाढ थांबते. ही देवाणघेवाण समतोलात राहिली तरच साखळ्या सारख्या लांबीच्या होतात.

माझा पहिला प्रयोग क्युप्रस ब्रोमाइड आणि पीएमडीईटीए या लिगँडचा (तांब्याला धरून ठेवणाऱ्या रेणूचा) होता, कारण हे दोन्ही प्रयोगशाळेच्या कपाटात होते. काही मिनिटांतच द्रावण निळे झाले आणि तळाशी तांबूस गाळ बसला. ऑक्सिजन शिरला असावा असे समजून मी कुपवाडच्या एमआयडीसीतून नायट्रोजनचा नवा सिलिंडर आणवला, नळ्या बदलल्या आणि त्यात दोन आठवडे घालवले. शेवटी सरांनी गाळाकडे बोट दाखवून विचारले, "हवेने तांबे ऑक्सिडाइज झाले असते, तर धातू कुठून आला असता?" पाण्यात एक-संयुजी तांब्याचे दोन आयन मिळून एक धातूचा अणू आणि एक द्वि-संयुजी आयन तयार होतो, पीएमडीईटीए ही विषमीकरणाची क्रिया रोखू शकत नाही. उत्तर गाळातच होते, हे मला आजही बोचते.

त्यानंतर आम्ही टीपीएमए हा लिगँड घेतला. तो एक-संयुजी तांब्याला पाण्यातही बऱ्यापैकी धरून ठेवतो. सुरुवात मात्र हवेत टिकणाऱ्या क्युप्रिक ब्रोमाइडने केली आणि कार्यक्षम, म्हणजे एक-संयुजी, तांबे फ्लास्कमध्येच ॲस्कॉर्बिक आम्लाने तयार केले. नवख्यांना मी हाच मार्ग सुचवेन, कारण यात उत्प्रेरक कधी आणि किती कार्यक्षम करायचा हे आपल्या हाती राहते.

तरीही आम्ल एकदम ओतल्यामुळे एक फ्लास्क जेल होऊन वाया गेला. सेंद्रिय द्रावकांच्या तुलनेत पाण्यात हा समतोल रॅडिकलच्या बाजूला खूपच झुकतो. शिवाय द्वि-संयुजी तांब्याला चिकटलेला ब्रोमाइड पाण्याचे रेणू हुसकावून लावतात, त्यामुळे साखळीला ब्रोमीन परत देणारे संयुगच कमी पडते. म्हणजे क्रिया सुरू करणे सोपे आणि थोपवणे कठीण. यावर दोन उपाय लागू पडले : ब्रोमाइड तांब्यावर टिकावा म्हणून सोडियम ब्रोमाइड भरपूर घालणे आणि आम्ल थेंबाथेंबाने देणे. सिरिंज पंप नसल्याने मी घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी हाताने थेंब सोडत असे.

द्रावणाचा हिरवट-निळा रंग फिका होऊ लागला की क्षपण (द्वि-संयुजी तांब्याचे एक-संयुजी होणे) सुरू झाले असे समजावे, पण पॉलिमर लगेच दिसेल ही अपेक्षा ठेवू नये. उरलासुरला ऑक्सिजन आधी कार्यक्षम तांबे खातो आणि आम्ल ते पुन्हा तयार करत राहते, त्यामुळे रूपांतराच्या (किती मोनोमर साखळीत गेला याच्या) आलेखाचा पहिला भाग सपाट येतो. तो भाग चूक समजून खोडू नये. त्याची लांबी प्रत्येक प्रयोगात नोंदवावी, कारण नायट्रोजन नीट सोडला गेला की नाही हे त्यावरून कळते. एनएमआरसाठी (रूपांतर मोजण्याच्या चाचणीसाठी) नमुना काढताच तो हवेत हलवून पातळ करावा, म्हणजे तांबे पुन्हा द्वि-संयुजी होते आणि क्रिया तिथेच थांबते. सुरुवातीला मी नमुने तसेच बंद बाटलीत ठेवत असे आणि मोजणीपर्यंत त्यांच्यातील साखळ्या वाढतच राहत.