कॉम्प्युटरचं घड्याळ सारखं मागं पडतंय? जीपीएस मागवायच्या आधी या चुका टाळा

आमच्याकडं होटगी रोडच्या घरात रात्री झोपताना बोर्डाचं बटण बंद करायची पद्धत, बाबा स्वतः बघून येतात, आणि त्यामुळं कॉम्प्युटरचं घड्याळ रात्रभर फक्त मदरबोर्डवरच्या त्या गोल सेलवर चालतं हे मला लई उशिरा कळलं. बटण चालू असलं तर पीसी बंद असतानाही सप्लायमधनं थोडा करंट येत राहतो, सेल खर्च होत नाही. सेल मेला की सकाळी तारीख डायरेक्ट काही वर्षं मागं, मग बँकेची साइट उघडत नाही, सर्टिफिकेटचा एरर येतो आणि आपण नेटवाल्याला शिव्या घालत बसतो.

सेल आणताना मीच घोळ घातला. पाहिजे होता सीआर 2032, घेऊन आलो 2025. दोन्हीचा घेर 20 मिलिमीटर, त्यामुळं बसतो, पण 2025 पातळ असतो, खाचेत ढिला राहतो आणि कधी चालतो कधी नाही. जुना सेल खिशात टाकून दुकानात जा की राव. 30-40 रुपयांचं काम आहे.

नवा सेल टाकल्यावर लगेच विंडोजच्या सेटिंगमधलं सिंक नाऊ, म्हणजे नेटवरून वेळ जुळवायचं बटण, दाबू नका. फरक खूप मोठा असला की विंडोज वेळ बदलायलाच नकार देतं. आधी हातानं तारीख-वेळ जवळपास लावा, मग सिंक करा. आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासानं चुकत असेल तर सेलचा काही संबंध नाही. टाइमझोन चुकलाय, नाहीतर त्याच मशीनवर लिनक्स ही दुसरी सिस्टिम पण टाकलीय. लिनक्स आतलं घड्याळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवतं, विंडोज लोकल टाइममध्ये, दोघं एकमेकांचं बिघडवत बसतात. लिनक्सला लोकल टाइम वापरायला सांगितलं तरी भागतं.

नेटवरून वेळ घ्यायची तर वेळ सांगणारे सर्व्हर सेटिंगमध्ये लावावे लागतात, आणि ते लावताना दोनच लावायची चूक तर सगळेच करतात. दोघांनी वेगळी वेळ सांगितली तर खरा कोण? कमीत कमी तीन, चार असले तर बरं. भारतातले पूल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांसाठी खुले असलेले वेळेचे सर्व्हर आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा आहे. गूगलचा मात्र यात मिसळू नका, लीप सेकंद, म्हणजे यूटीसीत कधीतरी वाढवतात तो जादाचा सेकंद, आला तर ते तो एकदम न टाकता हळूहळू पसरवतात, त्या वेळी बाकीच्यांशी जुळत नाही.

उन्हाळ्याचं एक सांगतो. घड्याळाला ठोका देणारा क्वार्ट्झचा क्रिस्टल सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, पण साधारण 25 अंशाला. गरम झाला तरी मागं पडतो, गार झाला तरी मागंच. आपल्या मे महिन्यात खोली 40 अंशाला गेली की बंद पीसी दिवसाला अर्धा-पाऊण सेकंद नुसत्या उकाड्यानं हरवतो. यावर इलाज एकच, नेटवरून सिंक चालू ठेवायचं.

आता जीपीएस, म्हणजे नेटऐवजी थेट उपग्रहाकडनं वेळ घेणं. 400-500 रुपयांत निओ-6एम नावाचं जीपीएसचं मॉड्यूल मिळतं, यूएसबीला लावलं की झालं असं वाटतं, आणि इथंच पैसे वाया जातात. यूएसबीवरून वेळेची ओळ येते ती सेकंद उलटून गेल्यावर, कधी 100 मिलिसेकंद उशिरा, कधी 300. नेटवरची वेळ त्यापेक्षा बरी असते! खरी गंमत पीपीएसच्या पिनेत आहे, दर सेकंदाला एक ठोका. त्या पिनेची वायर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या जीपीआयओ पिनेला जोडा, त्यावर क्रोनी हा वेळ जुळवायचा प्रोग्राम चालवा, मायक्रोसेकंदांत वेळ मिळते, मग घरातले सगळे पीसी त्या पायकडनं वेळ घेतील. मॉड्यूल घेताना ती पिन बाहेर काढलेली आहे का बघा, काहींवर नसते.

अँटेना पत्र्याखाली ठेवू नका, सिग्नल येत नाही. खिडकीत किंवा गच्चीवर. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर पंधरा मिनिटं थांबा बे, जीपीएसची वेळ यूटीसीच्या 18 सेकंद पुढं असते, ती वजाबाकी उपग्रहाकडून येईपर्यंत मॉड्यूल काही सेकंद चुकीचं दाखवू शकतं. एवढं करूनही पीसीला पायकडून वेळ मिळत नसेल तर पायच्या फायरवॉलमध्ये वेळ ज्यातून जाते तो यूडीपी 123 पोर्ट उघडा आहे का बघा, आणि क्रोनीच्या सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कला परवानगी दिलीय का तेही, कारण ती मुळात बंदच असते.