मोरांदीचं पोस्टकार्ड फ्रेममध्ये बसत नाहीये?

इटलीत बोलोन्याला चित्रकार जॉर्जो मोरांदीचं म्युझियम आहे, तिथून त्याच्या बाटल्या-बरण्यांच्या चित्रांची पोस्टकार्डं आणली पण ४×६ इंची फ्रेममध्ये जाईनात, कारण कार्ड निघालं १०.५ सेंटीमीटर रुंद आणि ४ इंच म्हणजे जेमतेम १०.२. कापू नका हं, चित्राची कड जाते!

१. ५×७ ची साधी फ्रेम घ्या.
२. मागच्या पुठ्ठ्याच्या मापाचा फिकट बदामी कार्डशीट कापा (पांढऱ्याशुभ्र कागदावर मोरांदीचे राखाडी रंग मळके दिसतात, मी करून बघितलंय).
३. कार्ड मधोमध ठेवून चार कोपऱ्यांना जुन्या अल्बमवाले फोटो कॉर्नर लावा, म्हणजे गम नको, आणि कंटाळा आला की दुसरं कार्ड सरकवता येतं.

फक्त उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, छपाईचे रंग उडतात.