बोअरचं जड पाणी: या चुका टाळा

पुण्यात वाघोली, उंड्री, वाकडकडे राहायला गेलं की महिनाभरात बादलीच्या कडेला पांढरा थर दिसू लागतो. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे नवं असतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणून ते जड. टँकरचं पाणीही बऱ्याचदा बोअरचंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टीडीएस मीटर बुडवून जडपणा ठरवणं. टीडीएसमध्ये विरघळलेले सगळेच क्षार येतात. साबणाचा फेस मारतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनर हे दोन काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. आमच्या सोसायटीत यावरूनच ‘सॉफ्टनर बिघडला’ म्हणून भर सभेत वाद झाला. थेंबांचं हार्डनेस किट आणल्यावर उलगडा झाला: लालसर पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात जडपणाची लिटरला 200 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600.

सॉफ्टनरमध्ये वेळेवर मीठ घालून रेझिन (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे बारीक मणी) धुतलं नाही, तर पाणी जसंच्या तसं जड बाहेर पडतं. हे काम कोणाकडे आहे, ते सोसायटीत नक्की विचारा. तुरटी फिरवून उपयोग नाही. तिने गढूळपणा खाली बसतो, जडपणा तसाच राहतो.

गिझर पूर्ण तापमानावर ठेवू नका. पाणी जितकं तापेल तितका क्षार लवकर बसतो, कॉइलवर थर चढतो आणि वीज जास्त जाते. 50 ते 55 अंश अंघोळीला पुष्कळ. आतून कडकड आवाज यायला लागला की थांबू नका, साफ करून घ्या. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉडही तपासायला सांगा. तो झिजून संपला की टाकी गंजते.

नळाची जाळी आणि शॉवर कोमट पाण्यात सायट्रिक अॅसिड किंवा व्हिनेगर घालून बुडवून ठेवा. पण शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर यातलं काहीही टाकू नका. हे दगड चुनखडीच्या जातीचे आहेत. क्षारासोबत फरशीही खाल्ली जाते. आणि डाग हट्टी आहे म्हणून टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, बंद बाथरूममध्ये क्लोरीन वायू जिवावर बेतू शकतो.

कुंड्यांना सॉफ्टनरचं पाणी घालू नका, सोडियमने माती बिघडते. तुळशीला बोअरचंच पाणी द्या.