फॉस्फेट काच पाण्यात विरघळवून पाहताय? या चुका टाळा

हाडाच्या दुरुस्तीसाठी वापरायची फॉस्फेट काच शरीरात हळूहळू पूर्ण विरघळावी, अशी अपेक्षा असते. तालुक्याच्या कॉलेजातही एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय झकास आहे. भट्टी, तराजू आणि पीएच मीटर असला की काम सुरू होतं: काचेचा तुकडा पाण्यात ठेवायचा आणि त्याचं वजन किती घटतं, पाण्यात फॉस्फेट किती उतरतं, ते मोजायचं. पण आकडे बिघडतात ते बहुतेक वेळा काचेमुळे नाही, पाण्यामुळे.

बोअरचं पाणी तर नकोच. आपल्याकडे त्यात क्षार किती असतात, ते चहाच्या गंजाच्या बुडाशी दिसतंच. आरओच्या जारमध्येही थोडे क्षार उरतात. पाण्यात आधीच कॅल्शियम असेल, तर काचेच्या विरघळण्यावर त्याचा परिणाम होतो. विआयनीकृत (क्षारांचे आयन काढून टाकलेलं) पाणी घ्या आणि वापरण्याआधी त्याची विद्युतवाहकता मोजून वहीत लिहा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे छोट्या बाटलीत काच टाकून आठवडाभर तशीच सोडणं. काचेतल्या फॉस्फेटच्या साखळ्या पाण्यात उतरतात, तसं पाणी आम्ल होत जातं. आम्लात फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस हे बंध लवकर तुटतात, मग काच आणखी जोरात विरघळते. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही एक प्रयोग करत असता आणि पाचव्या दिवशी दुसराच. काचेच्या पृष्ठफळाला पाणी किती, हे प्रमाण सगळ्या नमुन्यांत एकच ठेवा, ठरलेल्या वेळी पाणी बदला आणि दर वेळी पीएच लिहा. पीएच आवरायला फॉस्फेट बफर (पीएच फारसा बदलू न देणारं द्रावण) घेतला, तर काचेतून आलेलं फॉस्फेट वेगळं मोजता येत नाही. तिथे फॉस्फेट नसलेला ट्रिस बफर बरा.

पाण्यातलं फॉस्फेट मोजायची मॉलिब्डेनम निळ्या रंगाची चाचणी फक्त ऑर्थोफॉस्फेट, म्हणजे सुटं, साखळीत नसलेलं फॉस्फेट दाखवते. लांब साखळ्या तिला दिसत नाहीत. नमुना आधी आम्लात उकळून साखळ्या तोडल्या नाहीत, तर वजन घटलेलं आणि फॉस्फेट मात्र कमी, असा हिशेब निघतो आणि पोरं तराजूला दोष देतात.

आता कूलर. मे महिन्यात तो लावल्याशिवाय प्रयोगशाळेत बसवत नाही, हे खरं. पण त्याची दमट हवा फॉस्फरस पेंटॉक्साइड (काचेतला फॉस्फरसचा ऑक्साइड) जास्त असलेल्या काचेला मुळीच मानवत नाही, ती हवेतली ओल ओढून घेते. ‘सर, वजन तं वाढूनच राह्यलं!’ असं कोणी सांगितलं, की मी आधी नमुना कुठे ठेवला होता ते विचारतो. नमुने डेसिकेटरमध्येच (आत सिलिका जेल असलेल्या कोरड्या, बंद भांड्यात) ठेवा आणि सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की तापवून घ्या. पॉलिशही पाण्याने नको, अल्कोहोलने करा.

लाइन गेली की नमुने ठेवलेला इन्क्यूबेटर ३७ अंशांवर, म्हणजे शरीराच्या तापमानावर, राहत नाही. बाहेर ४५ असताना तो थंड होत नाही, उलट तापतो आणि विरघळण्याचा वेग वाढतो. आत थर्मामीटर ठेवा.

काच अॅल्युमिनाच्या मुशीत वितळवली असेल, तर मुशीतलं थोडं अॅल्युमिना काचेत उतरतं आणि ती जास्त टिकाऊ होते. प्लॅटिनमची मूस परवडत नसेल, तर सगळे नमुने एकाच प्रकारच्या मुशीत, तेवढाच वेळ वितळवा आणि अहवालात तसं स्पष्ट लिहा.

आलेखात सगळ्या बिंदूंतून एकच सरळ रेघ ओढू नका. सुरुवातीला वजनातली घट बऱ्याचदा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, ती नंतर वेळेच्या सरळ प्रमाणात होते. वेग त्या नंतरच्या भागातून काढा.